मोगादिशूला पाहुणा म्हणून गेलेला इब्न बतूता जवळपास ७०० वर्षांनंतर एकमेव साक्षीदार कसा ठरला?

जहाज बंदराजवळ आलं की छोट्या होड्या त्याच्याकडे निघायच्या. प्रत्येक होडीत काही तरुण आणि प्रत्येकाच्या हातात झाकलेलं ताट. ताटात गरम जेवण. तरुण जहाजावर चढायचे, एकेका व्यापाऱ्यापुढे ताट धरायचे आणि जाहीर करून टाकायचे की हा माझा पाहुणा. मग तो व्यापारी त्याच तरुणाच्या घरी उतरायचा. हॉटेल शोधायची भानगड नाही, अनोळखी शहरात सामान घेऊन फिरायची गरज नाही.

हे शहर म्हणजे मोगादिशू. आज सोमालियाची राजधानी. बातम्यांमध्ये या शहराचं नाव आलं की सोबत बॉम्बस्फोट, यादवी युद्ध, चाचे असले शब्द येतात. पण १४ व्या शतकात हिंदी महासागरावर धंदा करणाऱ्या माणसाला हे नाव ऐकून श्रीमंती आठवायची.

हे आपल्याला माहीत आहे ते एका माणसामुळे. त्याचं नाव इब्न बतूता. शाळेच्या इतिहासात तो मुहम्मद बिन तुघलकाच्या धड्यात दोन ओळींपुरता भेटतो. दिल्लीत आलेला मोरोक्कोचा प्रवासी, बस्स. पण दिल्लीला पोचायच्या आधी हा पठ्ठ्या पूर्व आफ्रिकेचा किनारा पालथा घालून आला होता. त्या शतकात तो किनारा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून वर्णन ठेवणारा दुसरा कुणी आपल्यापर्यंत पोचलेला नाही.

घर सोडलं तेव्हा वय होतं २१

इब्न बतूताचा जन्म फेब्रुवारी १३०४ चा, मोरोक्कोतल्या टँजियर शहरातला. घराणं बर्बर, आणि पिढ्यानपिढ्या इस्लामी कायद्याचा अभ्यास करणारं. घरात काझी होऊन गेलेले. म्हणजे पोरगं मोठं झालं की काय करणार हे जवळपास ठरलेलंच.

जून १३२५ मध्ये तो हजला निघाला. एकटाच. आईवडील हयात होते आणि त्यांना सोडून जाताना आपल्याला किती जड गेलं हे त्याने पुढे सांगितलंय. हज करून आणि थोडंफार शिकून परत यायचं, असा साधारण बेत असावा. परत यायला त्याला २४ वर्षं लागली.

वाटेत ट्युनिसला तो एका काफिल्यात सामील झाला आणि त्या काफिल्याने त्यालाच आपला काझी नेमलं. वय एकविशीतलं, पदरी अनुभव शून्य. पण कायद्याचं शिक्षण होतं. याच प्रवासात त्याने लग्न केलं, सासऱ्याशी भांडण झालं, काडीमोड झाला आणि लगेच दुसरं लग्नही झालं. पुढच्या आयुष्यात हा प्रकार इतक्या वेळा झाला की त्याच्या बायकांचा हिशोब ठेवणं अभ्यासकांनाही अवघड जातं.

ही काझीगिरीची गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण त्याचं सगळं फिरणं तिच्या जिवावर झालं. तो व्यापारी नव्हता. गाठीला फार पैसा नव्हता. पण मोरोक्कोपासून चीनच्या बंदरांपर्यंत मुस्लिम वस्ती पसरली होती आणि तिथे सगळीकडे कायदा सांगणारा, अरबी वाचणारा माणूस हवा असायचा. त्या काळात पदवीला पासपोर्टची किंमत होती, असं म्हटलं तरी चालेल.

अलेक्झांड्रिया, कैरो, दमास्कस असं करत तो १३२६ मध्ये मक्केला पोचला. हज झाली. खरं तर इथून घरी परतायचं. पण तो इराक आणि इराणकडे वळला, परत मक्केला आला, काही काळ राहिला आणि मग लाल समुद्रातून येमेनला उतरला.

एडनच्या धक्क्यावर ठाण्याचं नाव

येमेनच्या टोकाला एडन. तेव्हा हिंदी महासागरातलं सगळ्यात गजबजलेलं बंदर म्हणावं असं ठिकाण. तिथे कुठकुठली जहाजं येतात याची यादी इब्न बतूताने दिलीय आणि ती मराठी माणसाने थांबून वाचावी अशी आहे. खंबायत, कोल्लम, कालिकत, मंगळूर, होन्नावर यांच्या रांगेत ठाणे आहे आणि संदाबूर म्हणजे आजचा गोवाही आहे. लोकल ट्रेनच्या कितीतरी शतकं आधी ठाण्याची जहाजं एडनला लागत होती.

एडनहून तो आफ्रिकेकडे निघाला. काम काय होतं? तसं काहीच नाही. ना हज, ना नोकरी, ना व्यापार. जहाज जात होतं, हा बसला. त्याच्या आधीच्या सगळ्या प्रवासांना धर्माचं किंवा शिक्षणाचं काहीतरी कारण होतं. या फेरीला तसं कारण सापडत नाही. आजच्या भाषेत ही सरळ सरळ टुरिस्टची ट्रिप होती.

बहुतेक अभ्यासक या ट्रिपचं साल १३३१ धरतात. म्हणजे तो तेव्हा २६-२७ वर्षांचा.

पहिला मुक्काम झैला, आजच्या सोमालियाच्या उत्तर किनाऱ्यावरचं गाव. ते त्याला अजिबात आवडलं नाही. मासळीचा वास आणि गल्लीबोळात कापलेल्या उंटांचं रक्त यामुळे इतकी दुर्गंधी की समुद्र खवळलेला असूनही त्याने रात्र जहाजावरच काढली. जगात याहून घाणेरडं गाव नाही, असा त्याचा शेरा. एक स्टार देऊन तो पुढे निघाला.

झैला ते मोगादिशू १५ दिवसांचा प्रवास. तो कधी करायचा हे माणूस नाही, वारा ठरवायचा. हिवाळ्यात या समुद्रावर ईशान्येकडून वारा वाहतो, तो शिडाची जहाजं अरबस्तान आणि भारताकडून आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेला नेतो. मग काही महिन्यांनी वारा फिरतो आणि नैऋत्येकडून वाहू लागतो. आपल्याकडे पाऊस आणणारा तोच. तो जहाजांना परत उत्तरेला आणतो. जाण्याचं तिकीट हिवाळ्यात, येण्याचं उन्हाळ्यानंतर. मधले महिने तुम्ही तिथेच अडकलेले.

आता या अडकण्यात मोगादिशूच्या त्या ताटांचं रहस्य आहे.

गरम जेवण फुकट नव्हतं

परदेशी व्यापारी आला. त्याला भाषा येत नाही, भाव माहीत नाहीत, कोण पैसे बुडवेल ते कळत नाही. वारा फिरायच्या आत माल विकून नवा माल भरला नाही, तर वर्ष वाया. दुसरीकडे शहरवाल्यांनाही या परक्यावर विश्वास ठेवायचाय.

म्हणून ताट घेऊन येणारा तरुण म्हणजे नुसता यजमान नव्हता. आपल्या मार्केट यार्डातला अडत्या असतो ना, तो आणि यजमान एकाच माणसात. पाहुण्याचा माल तो विकायचा, पाहुण्यासाठी माल तोच खरेदी करायचा. कुणी त्या व्यापाऱ्याकडून पडेल भावात माल उचलला किंवा यजमानाच्या गैरहजेरीत व्यवहार केला, तर तो व्यवहार मोगादिशूत धरलाच जायचा नाही. इब्न बतूता नोंदवतो की लोकांना यात फायदा वाटायचा. ज्यांचं शहरात आधीपासून येणं-जाणं होतं, ते मात्र हवं तिथे उतरू शकायचे.

हे वाचून अहाहा काय आदरातिथ्य, असं म्हणायचा मोह होतो. पण नीट बघितलं तर ही एक चोख व्यवस्था होती. पाहुण्याचं संरक्षण होतं, आणि बाहेरचा पैसा शहरातल्या घरांच्या हातून बाहेर जाऊ नये याची तजवीजही होती. दोन्ही गोष्टी एकाच ताटात.

या शिवाय सुलतानाची वेगळी होडी यायचीच. जहाज कुठून आलं, मालक कोण, तांडेल कोण, माल काय, व्यापारी कोण कोण, सगळी चौकशी. इमिग्रेशन आणि कस्टम्स एकत्र.

इब्न बतूताकडेही एक तरुण आला. सोबतच्यांनी सांगितलं की हा व्यापारी नाही, कायद्याचा जाणकार आहे. बस्स, चक्रं फिरली. तरुणाने ओरडून इतरांना सांगितलं की हा काझीचा पाहुणा. निरोप गेला आणि शहराचा काझी आपल्या विद्यार्थ्यांसह स्वतः किनाऱ्यावर आला. हा काझी मूळचा इजिप्तचा. म्हणजे टँजियरचा माणूस आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाला उतरतो आणि त्याचं स्वागत एक इजिप्शियन, दोघांनाही येणाऱ्या भाषेत करतो.

पान, सुपारी आणि लोणचं

इब्न बतूताला आधी मुक्कामी जायचं होतं. दमलेला होता. पण काझीने सांगितलं की इथे विद्वान माणूस आला तर आधी सुलतानाला भेटायचं, मग घर. सुलतानाला तिथे शेख म्हणत. त्याचं नाव अबू बकर. बोलायचा स्थानिक भाषा, पण अरबीही येत होती.

वाड्यावर गेल्यावर आतून सेवक तबक घेऊन आला. त्यात विड्याची पानं आणि सुपारी. इब्न बतूताला दहा पानं आणि थोडी सुपारी, काझीला तेवढीच, उरलेली सोबतच्यांना. वर दमास्कसचं गुलाबपाणी शिंपडलं. सोमालियाच्या किनाऱ्यावर पान-सुपारी देऊन, गुलाबपाणी शिंपडून स्वागत! आपल्याकडच्या जुन्या लग्नांत दारात गुलाबदाणी घेऊन उभी असलेली मंडळी आठवा. हा रिवाज या समुद्राच्या काठाकाठाने किती दूरवर पसरला होता त्याचा हा पुरावा.

मग विद्यार्थ्यांसाठी असलेल्या घरात त्याची सोय झाली आणि वाड्यावरून जेवण आलं. इथे इब्न बतूता फूड ब्लॉगर होतो. मोठ्या लाकडी थाळ्यात तुपात शिजवलेला भात, त्यावर कोंबडी, मटण, मासे आणि भाज्या घातलेली कालवणं. कच्ची केळी ताज्या दुधात शिजवलेली, ती एका वाडग्यात. दुसऱ्या वाडग्यात दही आणि त्यात लिंबाचं लोणचं. व्हिनेगर आणि मिठात मुरवलेल्या मिरीचे घोस, हिरवं आलं आणि आंबे.

आंब्याचं वर्णन तो मोरोक्कोच्या वाचकासाठी करतो, कारण तिथे कुणी आंबा पाहिलेला नाही. सफरचंदासारखं फळ, पण आत कोय. पिकलं की खूप गोड, कच्चं असलं की लिंबासारखं आंबट आणि त्याचं लोणचं घालतात. भाताचा घास घेतला की मध्ये लोणच्याचा तुकडा खायचा, हेही सांगतो. वरण-भातासोबत कैरीचं लोणचं चाखणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मोगादिशूचे लोक प्रचंड खातात आणि चांगलेच गलेलठ्ठ असतात, असंही तो म्हणतो. आपल्याकडची बरीच माणसं मिळून जेवढं खातील तेवढं तिथला एकटा खातो. पाहुणचार झोडून वर यजमानांच्या पोटावर टिप्पणी, हेही टुरिस्टचं जुनंच लक्षण.

शहराविषयी त्याचं मत मात्र स्पष्ट होतं. हे फार मोठं शहर. व्यापारी बडे. उंट इतके की रोज शेकड्यांनी कापले जातात. इथे विणलेलं कापड शहराच्याच नावाने ओळखलं जातं आणि पार इजिप्तपर्यंत जातं.

तीन दिवस, दिवसातून तीन वेळा जेवण. चौथा दिवस शुक्रवार. सकाळी काझी आणि वजीर त्याच्यासाठी पोशाख घेऊन आले. रेशमी वस्त्र कमरेला गुंडाळायचं, कारण तिथे पायजमा कुणी घालत नाही. वर इजिप्तचा तलम अंगरखा, जेरुसलेमच्या कापडाचा अस्तर लावलेला झगा आणि नक्षीचा इजिप्शियन फेटा. कापडांची गावं बघितली तरी या बंदराचा पसारा लक्षात येतो.

नमाजानंतर शेखची मिरवणूक मशिदीतून वाड्याकडे निघाली. डोक्यावर रंगीत रेशमाची चार छत्रं, प्रत्येकावर सोन्याचा पक्षी. पुढे ढोल आणि तुताऱ्या. सगळे अनवाणी. पायात पादत्राणं फक्त शेख, काझी आणि या पाहुण्याच्या.

दुसऱ्या दिवशी त्याने दरबार पाहिला. लोक तक्रारी घेऊन येत. धर्माच्या कायद्यातला विषय असेल तर निकाल काझी देई, बाकीचे वजीर आणि सरदार बसून सोडवत. सुलतानाचं मत लागलं तर चिठ्ठी आत जाई आणि उत्तर त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून येई. कायद्याच्या माणसाने कोर्ट बघणारच.

पण मग त्याला काय दिसलं नाही? शहरातल्या बायका या वर्णनात नाहीत. ते कापड विणणारे हात नाहीत. उंट ज्या मुलखातून हाकत आणायचे तिथले पशुपालक नाहीत. तो काझीच्या घरातून वाड्यावर आणि वाड्यावरून मशिदीत गेला. सरकारी पाहुण्याला जेवढं शहर दाखवतात तेवढं त्याने पाहिलं, आणि आपल्या हातात आज तेवढंच आहे.

मोंबासात एक रात्र

मोगादिशूहून जहाज आणखी दक्षिणेला, मोंबासाला आलं. आज केनियाचं हे मोठं बंदर पर्यटकांनी भरलेलं असतं. इब्न बतूता तिथे फक्त एक रात्र राहिला आणि त्याच्या वर्णनातलं मोंबासा मोठं बेट आहे. धान्य पिकत नाही, ते मुख्य किनाऱ्यावरून येतं. लोकांचं खाणं केळी आणि मासे. झाडं केळीची, लिंबाची. एक फळ मिळतं, दिसायला ऑलिव्हसारखं, कोयही तशीच, पण चवीला खूप गोड. नाव त्याने जम्मून असं दिलंय. जांभूळ म्हणून आपण ओळखतो ते हेच असणार.

मशिदी लाकडाच्या, पण मजबूत. दारात उथळ विहिरी आणि पाणी काढायला काठी लावलेलं लाकडी भांडं. माणसं अनवाणी चालतात, आत जाताना पाय धुतात आणि तिथल्या चटईला पुसतात. एका रात्रीत त्याने एवढं टिपलं.

किल्वाचा दानशूर आणि त्याच्या दानाची किंमत

शेवटचा टप्पा किल्वा. आजच्या टांझानियातलं हे बेट तेव्हा सोन्याच्या धंद्यावर उभं होतं. आतल्या मुलखातून सोनं सोफाला बंदरात यायचं आणि सोफालाचा व्यापार किल्वाच्या ताब्यात होता. इब्न बतूताने किल्वाला जगातल्या सुंदर शहरांत बसवलं.

सुलतान होता अल-हसन बिन सुलेमान. एवढा देणारा की लोकांनी त्याला दानांचा बाप अशा अर्थाचं टोपणनाव दिलेलं. येमेनच्या एका फकिराने वाटेत अडवून अंगावरचे कपडे मागितले, तर सुलतानाने घरात जाऊन दुसरे घातले आणि अंगावरचे काढून दिले. लोक वाहवा करू लागले. मग राजपुत्राने ते कपडे फकिराकडून परत घेतले आणि बदल्यात दहा गुलाम दिले. सुलतानाला कळल्यावर त्याने आणखी दहा गुलाम आणि हस्तिदंताची दोन ओझी द्यायला सांगितली.

इब्न बतूता ही गोष्ट सुलतानाच्या मोठेपणाची म्हणून सांगतो. ते २० गुलाम आले कुठून, हेही त्याच वर्णनात आहे. सुलतान आतल्या भागातल्या लोकांवर स्वाऱ्या करायचा आणि लूट आणायचा. लुटीतला धर्माने सांगितलेला पाचवा हिस्सा तो वेगळा काढून वाटायचा. त्या माणसांना पकडून आणलं गेलं आणि एका कपड्याच्या जोडाच्या बदल्यात दिलं गेलं, याकडे इब्न बतूता क्षणभरही थांबून बघत नाही. तो स्वतः आयुष्यभर गुलाम विकत घ्यायचा, बाळगायचा. त्याचा काळ तसा होता हे खरं. पण २० माणसांची ती गोष्ट आज वाचताना दानशूरपणाची वाटत नाही.

किल्वाच्या वर्णनात दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे तो म्हणतो की शहरातली घरं लाकडाची. प्रत्यक्षात तिथे प्रवाळाच्या दगडात बांधलेली मोठी मशीद तेव्हा उभी होती, आणि याच सुलतानाच्या नावावर सांगितला जाणारा हुसुनी कुब्वा हा भव्य दगडी राजवाडाही आहे. दुसरं म्हणजे, सोफालाला येणारं सोनं महिनाभराच्या अंतरावरच्या यूफी या ठिकाणाहून येतं, असं तो लिहितो. यूफी हे पश्चिम आफ्रिकेतलं ठिकाण, खंडाच्या पार दुसऱ्या बाजूला. खरं सोनं येत होतं ते आजच्या झिम्बाब्वेच्या पठारावरून.

मग हा माणूस तिथे गेला होता की नाही? गेला होता, यावर अभ्यासकांचा फारसा वाद नाही. गडबड कशी झाली ते पुढच्या २० वर्षांत कळतं.

आठवणींवर उभं पुस्तक

नैऋत्येचा वारा सुटल्यावर तो परत अरबस्तानच्या किनाऱ्याला लागला. पुढचं आयुष्य म्हणजे नकाशावर सांडलेली शाई. अनातोलिया, काळ्या समुद्राच्या उत्तरेचे मंगोल, कॉन्स्टँटिनोपल, मध्य आशिया, हिंदुकुश. सप्टेंबर १३३३ मध्ये तो सिंधू नदीवर पोचला.

दिल्लीत मुहम्मद बिन तुघलकाने त्याला काझी नेमलं, वर्षाला १२,००० दिनार पगारावर. सुलतान एका हाताने खिरापत वाटायचा आणि दुसऱ्या हाताने मुंडकी उडवायचा. इब्न बतूता एका शेखच्या भेटीला गेला होता, तो शेख पुढे सुलतानाच्या मर्जीतून उतरून मारला गेला आणि इब्न बतूतावरही पहारा बसला. तो कसाबसा वाचला. मग सुलतानाने त्यालाच चीनला दूत म्हणून पाठवलं.

१३४२ मध्ये निघालेला हा ताफा महाराष्ट्रातून गेला. दौलताबादचा किल्ला त्याने पाहिला आणि तिथल्या अंधारकोठडीत मांजरापेक्षा मोठे उंदीर असल्याचं एका जुन्या कैद्याकडून ऐकून लिहून ठेवलं. मराठ्यांचा उल्लेख त्याने नावानिशी केलाय. नंदुरबारचे मराठे कारागिरीत हुशार आहेत, वैद्यकी आणि ज्योतिष जाणतात, भात, पालेभाज्या आणि तिळाचं तेल खातात, जेवणाआधी आंघोळ करतात, असं त्याचं निरीक्षण. मोगादिशूसारखंच इथेही लोकांच्या ताटात काय आहे ते तो आधी बघतो.

कालिकतला वादळ झालं, चीनच्या सम्राटासाठीच्या भेटी बुडाल्या. दिल्लीला परत जायची हिंमत नव्हती. मग मालदीवमध्ये काझीगिरी आणि लग्नं, श्रीलंका, आणि पुढे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर चाच्यांनी त्याला गाठलं. अंगावरचा पायजमा सोडून सगळं नेलं. त्या लुटीत त्याची टिपणंही गेली. बुखाऱ्यातल्या थडग्यांवरचे लेख उतरवून घेतलेले कागद गेल्याचं तो स्वतः सांगतो.

चीन करून १३४९ मध्ये तो मोरोक्कोत परतला तेव्हा प्लेगने जग उद्ध्वस्त झालं होतं. वडील १५ वर्षांपूर्वीच गेल्याचं त्याला वाटेत दमास्कसमध्ये कळलं होतं. आई त्याच प्लेगमध्ये, तो पोचायच्या काही महिने आधी गेली. तो तिच्या थडग्यावर जाऊन आला. नंतर स्पेनमधलं ग्रॅनाडा आणि १३५२ मध्ये सहारा ओलांडून माली. तो पश्चिम आफ्रिकेत पोचला तो आता. यूफी आणि सोफाला एकमेकांत कसे मिसळले असतील याचा अंदाज इथे येतो. २० वर्षांच्या अंतराने पाहिलेल्या आफ्रिकेच्या दोन टोकांची कहाणी त्याने एकाच बैठकीत सांगितली होती.

कारण पुस्तक त्याने स्वतः लिहिलेलंच नाही. मोरोक्कोचा सुलतान अबू इनान याने हुकूम दिला, इब्न बतूता बोलत गेला आणि ग्रॅनाडाचा तरुण लेखक इब्न जुझय लिहीत गेला. डिसेंबर १३५५ मध्ये काम संपलं. इब्न जुझयने भाषा सजवली, आणि दमास्कस, मक्का यांच्या वर्णनात इब्न जुबैर या आधीच्या प्रवाशाच्या पुस्तकातले उतारे सरळ घुसवले. चीनच्या भागावर तर आजही शंका घेतल्या जातात.

शंका तेव्हाही होत्याच. प्रसिद्ध इतिहासकार इब्न खल्दून तेव्हा फेजच्या दरबारात होता. तिथले लोक इब्न बतूताला आपसात थापाड्या म्हणत, हे त्याने लिहून ठेवलंय. त्यालाही तसंच वाटत होतं. एका वजिराने त्याला समजावलं की आपण पाहिलं नाही म्हणून ते खोटं असं होत नाही.

पूर्व आफ्रिकेच्या पानांबाबत मात्र उतारे चोरायची सोय नव्हती. त्याच्याआधी तिथलं असं बारकाईने लिहिलेलं कुणाचं पुस्तकच हाताशी नव्हतं. भातावरची कालवणं, पाणी काढायची काठी, सोन्याचे पक्षी लावलेली छत्रं, हे त्याच्या डोक्यातून आलंय. चुकांसकट.

आणि ते वेळेत आलं. जानेवारी १४९९ मध्ये भारतातून परतताना वास्को द गामाने मोगादिशूवर तोफा डागल्या. १५०५ मध्ये फ्रान्सिस्को द आल्मेदाच्या आरमाराने किल्वा लुटलं, मोंबासा लुटून जाळलं आणि मग तो पोर्तुगिजांचा पहिला व्हाइसरॉय म्हणून भारतात आला. किल्वा त्यानंतर पूर्वीसारखं उभं राहिलं नाही. १९८१ पासून तिथले अवशेष युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. मोगादिशूच्या हमरवेने या जुन्या भागात १२६९ ची फख्र अद-दीन मशीद आहे. इब्न बतूता आला तेव्हा ती ६० वर्षांची होती.

पुस्तक सांगून झाल्यावर इब्न बतूता मोरोक्कोतल्या एका गावात काझी म्हणून राहिला. घराण्याने ठरवलेली नोकरी त्याने पन्नाशीनंतर निमूटपणे केली. १३६८-६९ च्या सुमारास तो वारला. पुस्तक युरोपात गाजलं ते १९ व्या शतकात, फ्रेंचांना अल्जीरियात हस्तलिखितं सापडल्यावर. १८५३ ते १८५८ या काळात पॅरिसमध्ये अरबी मजकूर आणि फ्रेंच भाषांतर असे चार खंड निघाले. मोगादिशूची ती ताटं दुसऱ्या खंडात आहेत.